गाडीचा खराब स्पार्क प्लग घरी कसा बदलायचा (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

गाडी न्यूट्रलला उभी आहे आणि इंजिन थरथरतंय, ती थरथर सीटपर्यंत जाणवतेय, ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळून मग पळतेय, चढावर पूर्वीसारखा पिकअप राहिला नाही, सकाळी पहिल्या चावीत सुरू होत नाही आणि पेट्रोल मात्र जास्त पितेय. यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या की गाडी मिसिंग करतेय असं आपण म्हणतो. म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा पोचतेय पण ठिणगी वेळेवर किंवा पुरेशी पडत नाहीये. बऱ्याचदा (नेहमी नाही) दोष स्पार्क प्लगचा निघतो, आणि तो बदलायचं काम घरी, साध्या अवजारांनी, पहिल्यांदा करणाऱ्यालाही तासा-दीड तासात जमतं. मी माझ्या गाडीचे प्लग बरीच वर्षं स्वतःच बदलतोय आणि नवीन माणसाला सांगताना माझा सगळा भर आट्यांवर असतो. प्लग खराब झाला तर दुसरा आणता येतो, पण तो ज्या आट्यांत बसतो ते आटे इंजिनच्या हेडमध्येच (सिलिंडरच्या वरच्या झाकणातच) कापलेले असतात, हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं म्हणजे मऊ आणि प्लग पोलादी, त्यामुळे जबरदस्ती केली की हेडचेच आटे जाणार.

एक आधीच सांगतो, हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच, तिथे हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं, आणि जे प्लगसारखं दिसतं तो थंडीत इंजिन सुरू व्हायला मदत करणारा हीटर प्लग. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत प्लगवर ताण जास्त येतो म्हणून तिथे प्लग लवकर बघायला घ्यायचा.

प्लग खराब होतो म्हणजे नेमकं काय होतं? प्लगच्या टोकाला मधे एक दांडी असते आणि बाजूने वाकून आलेली दुसरी पट्टी, दोन्हीच्या मधे साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर मोकळी जागा, त्याला गॅप म्हणतात. कॉईलमधून (बॅटरीचा व्होल्टेज वाढवून प्लगला देणारा भाग, बहुतेक गाड्यांत प्लगवरच बसतो) हजारो व्होल्ट येतात आणि त्या गॅपमधून ठिणगी उडी मारते. फोर-स्ट्रोक इंजिन २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेरे) फिरत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला १००० वेळा पेटतो. ताशी सरासरी ४० किलोमीटरने ३०,००० किलोमीटर म्हणजे ७५० तास, गुणाकार करून बघा, साडेचार कोटी ठिणग्या होतात. प्रत्येक ठिणगी धातूचा अगदी बारीकसा कण खाते, टोकं गोल होतात, गॅप वाढत जाते, मग तीच ठिणगी पाडायला कॉईलला जास्त जोर लावावा लागतो आणि एक दिवस प्लगबरोबर कॉईलही जाते. म्हणून प्लग अगदी मरेपर्यंत वापरायचा नाही. साधा निकेलचा प्लग ढोबळमानाने ३०-४० हजार किलोमीटर, प्लॅटिनम किंवा इरिडियमचा ८० हजार ते एक लाखाच्या आसपास, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय तोच खरा.

आधी खात्री करा की दोष प्लगचाच आहे

डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागून राहिला असेल तर तपासायला वेळ आहे. तो लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवू नका, कारण तेव्हा न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जातंय, तिथे ते जळतं आणि कन्व्हर्टर इतका तापतो की आतून वितळतो. तो भाग प्लगच्या कितीतरी पट महाग असतो.

ओबीडी स्कॅनर (गाडीला जोडून दोषाचे कोड वाचणारं यंत्र) मिळाला तर काम खूप सोपं होतं. पी०३०० कोड आला तर मिसफायर (म्हणजे हेच मिसिंग) एका ठिकाणी नाही, वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये होतंय, आणि पी०३०१, पी०३०२ असं काही आलं तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. समजा दोन नंबर आला. आता लगेच प्लग विकत आणायचा नाही, दोन नंबरची कॉईल तीनला लावा, तीनची दोनला, कोड पुसा आणि एक चक्कर मारून या. कोड आता तीन नंबरचा आला तर दोष कॉईलबरोबर सरकला, म्हणजे कॉईल खराब. दोनच राहिला तर तसंच प्लगची अदलाबदल करून बघा. एवढं केलं की अंदाजाने सामान बदलायचं कारण राहत नाही, आणि हे गॅरेजमध्ये कोणी आपल्याला समजावून सांगत नाही म्हणून मी इथे सविस्तर लिहितोय.

स्कॅनर नसेल तर निदान डोळ्यांनी बघा. कॉईलचं कनेक्टर अर्धवट निघालंय का, उंदराने वायर कुरतडलीय का, आणि नुकतंच इंजिन पाण्याने धुतलं होतं का. शेवटचं फार लोक विसरतात, प्लगच्या खोल विहिरीत (ज्या भोकाच्या तळाशी प्लग बसतो त्यात) पाणी साचतं आणि गाडी दुसऱ्या दिवसापासून मिसिंग करायला लागते. अशा वेळी कॉईल काढून विहीर नीट सुकवली की बऱ्याचदा प्लग बदलावाही लागत नाही.

आणि एक, इंजिन चालू असताना कॉईल किंवा प्लगची वायर उपटून "कुठला सिलिंडर मेलाय" बघायची जुनी पद्धत आहे ती करू नका. वीस-तीस हजार व्होल्टचा झटका बसतो आणि वरून नव्या गाड्यांत कॉईल किंवा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जायची भीती.

कुठला प्लग आणायचा

मॅन्युअलमधला कोड किंवा जुन्या प्लगच्या चिनीमातीवर (वरच्या पांढऱ्या भागावर) छापलेला कोड घेऊनच दुकानात जा, पण जुना प्लग आधीच कोणीतरी चुकीचा बसवलेला असू शकतो म्हणून मॅन्युअल पहिलं. उदाहरणादाखल एनजीकेचा बीकेआर६ई-११ घ्या. यात बी म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे (तो नसेल तर रेडिओत खरखर येते आणि इलेक्ट्रॉनिक्सला त्रास होतो), ६ म्हणजे हीट रेंज (प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा), ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आणि ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर. यात लांबी चुकली तर सगळ्यात वाईट. जास्त लांब प्लग पिस्टनला धडकू शकतो, आखूड असेल तर उरलेल्या आट्यांत काजळी जमते आणि पुढचा योग्य प्लग बसत नाही.

हीट रेंजच्या आकड्याची गंमत अशी की कंपन्यांचे हिशोब उलटसुलट आहेत, एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर आकडा जुळवत बसू नका, त्या कंपनीच्या यादीत आपल्या गाडीचं मॉडेल शोधा.

एकच प्लग खराब असला तरी पूर्ण सेट बदला. चारही एकाच दिवशी बसलेले असतात, एक गेला म्हणजे बाकीचे त्याच वाटेवर आहेत, आणि तीन जुने एक नवा असं ठेवलं की महिन्या-दोन महिन्यांत परत बोनेट उघडायची वेळ येते. बाजारात नकली प्लग बरेच असतात त्यामुळे भरवशाच्या ठिकाणाहूनच घ्या, छपाई पुसट असेल, मधली दांडी वाकडी दिसत असेल तर परत करा.

काय काय लागेल

प्लगचा सॉकेट, आतून रबर किंवा मॅग्नेट असलेला. बऱ्याच गाड्यांना १६ मिलिमीटर लागतो, काही नव्या गाड्यांना १४, जुन्यांना २१. रॅचेट (सॉकेट फिरवायचा दांडा), १५ ते २५ सेंटिमीटरचं एक्सटेन्शन, कॉईलच्या बोल्टसाठी बहुधा १० नंबरचा सॉकेट, गॅप मोजायचा वायर गेज, हवा मारायला पंप, टॉर्च, स्वच्छ फडकं, आणि जमलं तर टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना). याशिवाय एक रबरी पाईपचा वीतभर तुकडा ठेवा, प्लगच्या डोक्यावर घट्ट बसेल एवढ्या जाडीचा. हा तुकडा या सगळ्या कामातलं माझं सगळ्यात आवडतं अवजार आहे, का ते पुढे येईलच.

तीन किंवा चार सिलिंडरचं सरळ ओळीतलं इंजिन असेल आणि कॉईली वरच दिसत असतील तर बिनधास्त करा. व्ही६ इंजिन असेल आणि मागच्या रांगेसाठी इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) उतरवावा लागत असेल तर पहिलं काम म्हणून ते नको, ते मेकॅनिककडे द्या.

आता काम

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कोमट नाही, थंड. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी करणं उत्तम. गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढताना प्लगबरोबर आटेही सोलून येऊ शकतात, आणि हाताला चटका बसतो तो वेगळाच. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चावी काढून खिशात, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा (रेडिओ किंवा घड्याळाचं सेटिंग जाऊ शकतं, त्याची तयारी ठेवा).

इंजिनवरचं प्लॅस्टिकचं कव्हर वर ओढून किंवा बोल्ट काढून उतरवा. आता एका वेळी एकच सिलिंडर घ्यायचा, पहिल्याचं काढणं-बसवणं पूर्ण करून मगच दुसऱ्याकडे. जुन्या गाडीत कॉईलऐवजी लांब वायरी असतात तिथे तर हा नियम मोडूच नका, वायरी आपसात बदलल्या की गाडी सुरू होणार नाही किंवा बॅकफायर मारेल.

कॉईलच्या कनेक्टरला एक लॉक असतं, ते दाबून कनेक्टर मागे घ्या. जुनं प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलात तर लॉक तुटतं. मग बोल्ट काढा, कॉईल थोडी डावी-उजवी फिरवून तिची पकड सोडवा आणि सरळ वर ओढा. वायरी असतील तर टोकाचं रबरी बूट धरून ओढा, वायर धरून ओढली तर ती आतून तुटते आणि बाहेरून कळतही नाही.

कॉईल निघाली की टॉर्चने विहिरीत बघा. धूळ, वाळू, सुकलेली पानं, काहीही असतं तिथे. प्लग सैल करायच्या आधी हवा मारून सगळं बाहेर काढा, कारण प्लग निघाला की खाली थेट सिलिंडर उघडा असतो आणि त्यात गेलेला खडा पिस्टन आणि सिलिंडरची भिंत ओरखडत बसतो. हवा मारताना डोळ्यांना चष्मा लावा, कचरा सरळ तोंडावर येतो. विहिरीत ऑईल दिसलं तर फडक्याने टिपून घ्या आणि लक्षात ठेवा की व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग किंवा विहिरीचं सील गेलंय, ते बदललं नाही तर नव्या कॉईलचं रबरही ऑईलने फुगणार.

सॉकेट सरळ उभा खाली घाला, तिरका बसला तर चिनीमाती तडकते. घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. पहिला झटका थोडा जोराचा लागतो, मग प्लग हाताने फिरण्याइतका सैल व्हायला हवा. मधेच जड जायला लागला, करकर आवाज आला तर थांबा. आट्यांशी थोडं गंज उतरवायचं ऑईल सोडा, अर्धा तास जाऊ द्या, थोडा परत आवळा, मग त्याहून थोडा जास्त सैल करा, असं करत करत बाहेर आणा. माझ्या गाडीचा एक प्लग आधी कोणीतरी प्रमाणाबाहेर आवळून ठेवला होता, त्याला असंच आत-बाहेर करत पाऊण तास गेला, पण आटे शाबूत राहिले. सॉकेटमधून प्लग वर येत नसेल तर कॉईलचं रबर त्याच्या डोक्यावर दाबून बसवा आणि उचला, चटकन येतो.

जुना प्लग फेकू नका, आधी वाचा

माझ्या मते अख्ख्या कामातला हाच सगळ्यात मोलाचा भाग आहे. प्लग काढाल तसे सिलिंडरच्या क्रमाने एका पुठ्ठ्यावर मांडा, पुठ्ठ्यावर नंबर लिहा. इंजिनच्या पोटात काय चाललंय ते या चार टोकांवर दिसतं.

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक, प्लग फक्त वयाने झिजलाय. कोरडी काळी मखमलीसारखी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, एअर फिल्टर बघा, किंवा गाडी फक्त जवळच्याजवळ फिरते आणि इंजिन कधी नीट तापतच नाही. काळं आणि ऑईलने ओलं म्हणजे ऑईल आत जळतंय, पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, आणि अशा वेळी नवा प्लगही काही दिवसांत तसाच होणार. ओला पण पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी नाही, कॉईलकडे संशय. पांढराफटक, फोड आल्यासारखा, टोक वितळलेलं म्हणजे इंजिन जास्त तापतंय किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा चुकीच्या हीट रेंजचा प्लग होता, हे दिसलं तर नवे प्लग लावून निर्धास्त होऊ नका, मेकॅनिकला दाखवा. चिनीमातीला उभी काळी रेघ किंवा तडा म्हणजे ठिणगी गॅपमधून न जाता बाहेरूनच निसटत होती.

चिनीमातीच्या खालच्या भागाला, धातूला लागून तपकिरी डाग असतो, त्याला लोक गॅस लीक समजून घाबरतात. हाय व्होल्टेजमुळे हवेतले ऑईलचे कण तिथे चिकटतात, एवढंच. तो डाग निरुपद्रवी आहे.

चारातले तीन सारखे आणि एकच वेगळा असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा. चारही सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत, हवा, पेट्रोल, सेन्सर.

नवा प्लग बसवणं

खोक्यातून काढल्यावर गॅप मोजा, कंपनीतून बरोबर येतो असं म्हणतात पण वाटेत पेटी आपटलेली असू शकते. वायर गेज हलकासा अडत जायला हवा. कमी-जास्त करायचा तर फक्त बाजूची पट्टी अगदी हळू वाकवायची, मधल्या दांडीला काही टेकवायचं नाही. इरिडियमचं टोक जेमतेम ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाड असतं, त्यात नाण्यासारखा गोल गेज घुसवला की तुटतं, म्हणून इरिडियमला शक्यतो हात लावू नका, गॅप चुकीचा असेल तर बदलून आणा. काही प्लगच्या डोक्यावर स्क्रूची टोपी असते, ती घट्ट आहे का बघा, सैल राहिली तर नव्या प्लगनेही गाडी मिसिंग करेल. आणि प्लग हातातून जमिनीवर पडला तर तो वापरू नका, आतला तडा डोळ्याला दिसत नाही.

आता तो रबरी पाईप. प्लगचं डोकं पाईपच्या टोकात घाला, प्लग हळूच विहिरीत उतरवा (वरून सोडायचा नाही, खाली आपटला की गॅप बंद होतो) आणि आधी उलट दिशेने फिरवा. एक बारीक टक् असं जाणवतं, म्हणजे आट्याची सुरुवात सापडली. आता सुलट फिरवा. चार-पाच फेरे अगदी लोण्यासारखे जायला हवेत. प्लग तिरका लागला असेल तर पाईप प्लगवरच घसरतो, जोर लागूच शकत नाही, आणि म्हणूनच आटे वाचतात. रॅचेट लावून सुरुवात केली असती तर तिरका प्लगही आत गेला असता, नवे आटे कापत. अडलं तर बाहेर काढा, परत पहिल्यापासून.

प्लग हाताने पूर्ण टेकला की मग टॉर्क रेंच. १४ मिलिमीटर आटे आणि ॲल्युमिनियमचं हेड असेल तर साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०, १० मिलिमीटरला १० ते १२, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो. टॉर्क रेंच नसेल तर फेऱ्यावर मोजा: नवा वॉशरवाला प्लग टेकल्यावर अर्धा फेरा, तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो म्हणून घड्याळाच्या एका तासाएवढाच, म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग. वॉशर नसलेला, खाली निमुळता प्लग असेल तर फेऱ्याचा सोळावा भाग, बस. सैल राहिला तर प्लगची उष्णता हेडमध्ये नीट जात नाही आणि प्लग तापतो, जास्त आवळला तर आटे ताणले जातात.

आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावायची सवय काहींना असते. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो, त्यावर आणखी वंगण लावलं की रेंच बरोबर आकडा दाखवतो पण प्रत्यक्षात प्लग जास्त आवळला जातो. त्यामुळे कोरडाच बसवा. कॉईलच्या रबराच्या तोंडाशी आतून अगदी थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस मात्र चालतं, पुढच्या वेळी रबर चिकटत नाही.

कॉईल सरळ खाली दाबा, बसल्याचं हाताला कळतं, बोल्ट हलकाच आवळा (तो बारीक असतो, त्यावर ताकद नको), कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत लावा आणि हलकं ओढून बघा. मग पुढचा सिलिंडर.

चारही झाल्यावर बोनेटखाली एखादा सॉकेट किंवा फडकं राहिलं नाही ना बघा, बॅटरी जोडा, गाडी सुरू करा. पहिले काही सेकंद थोडं अडखळू शकतं, मग आवाज एकसारखा व्हायला हवा. आधीपेक्षा जास्त थरथर आली तर घाबरू नका, लगेच बंद करा, शंभरातल्या नव्वद वेळा एखादं कनेक्टर नीट बसलेलं नसतं. फट्-फट् असा हवा सुटल्यासारखा आवाज येत असेल तर प्लग सैल आहे, इंजिन थंड झाल्यावर परत बघा. सगळं ठीक वाटलं की स्कॅनरने जुना कोड पुसा आणि चढ असलेल्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून या, कारण मिसफायर बऱ्याचदा इंजिनवर भार आल्यावरच दिसतो. परत आल्यावर मॅन्युअलच्या मागच्या पानावर तारीख, किलोमीटर आणि प्लगचा कोड लिहून ठेवा.

नवा प्लग, चांगली कॉईल, आणि तरी त्याच सिलिंडरचा कोड परत आला तर आता घरचं काम संपलं. तिथून पुढे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग), कॉईलपर्यंत येणारी वायर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला लागतं, आणि गॅरेजमध्ये जाताना तो नंबर घातलेला पुठ्ठा जुन्या प्लगसकट बरोबर न्या, मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचेल.